भोगीच्या शनिवारची बाजारफेरी : सांगलीतल्या एका पायी सहलीचं प्रकरण

सांगलीत शनिवारी आठवडा बाजार भरतोच, त्यात हा शनिवार संक्रांतीच्या आधीचा. भोगी दोन दिवसांवर. अशा सकाळी सव्वीस जणांचा एक गट जुनं गाव पायी बघायला निघाला. कागदावरची आखणी अशी होती : साडेआठला गणपती मंदिर, नऊला गणपती पेठ, पावणेदहाला शिवाजी मंडई, पावणेअकराला मंडईजवळच्या एका जुन्या खानावळीत भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, साडेअकराला निरोप. सगळं मिळून चालणं जेमतेम दीड किलोमीटर.

प्रत्यक्षात शेवटचं ताट उचललं गेलं तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सात जण न जेवताच निघून गेले होते. खानावळीची रोजची गिऱ्हाइकं दारातून परतली होती आणि मंडईत माळवं विकायला बसलेल्या एका आज्जींचा ऐन गर्दीतला धंदा बुडाला होता. यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. माहिती सांगणारा तयारीचा होता, मंडळी समजूतदार होती. चुकलं ते वेळापत्रक. ते फिरणाऱ्यांच्या सोयीनं लावलं होतं, बाजाराच्या घड्याळानं नाही. हे प्रकरण तपशिलात मांडण्यासारखं आहे, कारण जुन्या पेठांतून अशा फेऱ्या काढणारे बहुतेक जण पहिल्यांदा याच जागी अडखळतात.

शटरं बंद, मंडई भरलेली

देवळापासून सुरुवात करायची, हे ठरवताना कुणी फार विचार करत नाही. देवदर्शनानं आरंभ हा आपल्याकडचा रिवाजच. पण सव्वीस जणांनी चपला काढणं, हातपाय धुणं, दर्शन घेणं, कुणीतरी प्रदक्षिणेत मागं राहणं, पुन्हा चपला शोधणं, यात पंचवीस मिनिटं सहज जातात. माहिती सांगायला वेळ लागतो तो वेगळाच. त्या दिवशी निघायलाच वीस मिनिटं उशीर झाला होता, त्यामुळं देवळातून बाहेर पडायला साडेनऊ झाले.

पुढची गणपती पेठ ही किराणा, मसाले, हळद यांची घाऊक पेठ. तिथली दुकानं दहाच्या सुमाराला उघडतात. नऊला पोहोचले असते तरी बंद शटरंच दिसली असती. साडेनऊला तेच झालं. रस्त्यावर हातगाडे उभे, हमाल चहा पीत बसलेले, एखाद्या दुकानासमोर झाडलोट चाललेली. सांगणाऱ्यानं बंद दारांसमोर उभं राहून व्यापाराचा इतिहास सांगितला. ऐकणाऱ्यांना हळदीचा वासही आला नाही.

तिकडं मंडईत नेमकं उलटं चाललेलं असतं. शेतकरी पहाटेच निघालेला असतो. घाऊक सौदे उजाडायच्या आत उरकतात आणि किरकोळ विक्री आठ ते दहाच्या दरम्यान सगळ्यात मोकळी असते. माल ताजा, विकणारा उत्साहात, गल्लीत चालायला जागा. दहानंतर गिऱ्हाइकांचा लोंढा सुरू होतो. भोगीच्या आधीच्या शनिवारी तर सुगडं, बोरं, उसाचे तुकडे, गाजरं, हरभऱ्याचे डहाळे, गव्हाच्या लोंब्या हे सगळं एकाच वेळी घ्यायला अख्खं गाव आणि आजूबाजूची खेडी येतात. सहल मंडईत शिरली ती दहाला दहा मिनिटं कमी असताना, म्हणजे हा लोंढा सुरू होण्याच्या तोंडावर, वाईटात वाईट वेळी.

‘बाजार भरलेला दिसावा’ म्हणून हा शनिवार मुद्दाम निवडला होता. तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. भोगीचा बाजार बघण्यासारखाच असतो. पण त्यासाठी आठला तिथं असायला हवं होतं.

एका वाट्यासमोर सव्वीस माणसं

मंडईत जमिनीवर गोणपाट टाकून बसलेल्यांत दोन प्रकारची माणसं असतात, आणि त्यांतला फरक ओळखता येणं हा या फेरीचा गाभा आहे. ज्याच्यासमोर दोनतीनच जिन्नस आहेत, पण भरपूर आहेत, लहानमोठे मिसळलेले, मुळांना माती लागलेले, तो बहुधा स्वतःच्या रानातला माल घेऊन आलेला. ज्याच्यापुढं पंधरा भाज्या एका मापाच्या, पाणी मारून रचलेल्या आहेत आणि त्यांत हंगामाबाहेरच्याही आहेत, तो घाऊक घेऊन किरकोळ विकणारा. दोघंही कष्टानंच पोट भरतात, पण शेताबद्दल विचारायचं ते पहिल्याला. ‘ही वांगी कुठली?’ या प्रश्नाला दुसरा बाजाराचं नाव सांगतो, पहिला गावाचं आणि कधी रानाचंही.

कृष्णाकाठची वांगी हा सांगलीच्या थंडीतला अभिमानाचा माल. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत पिकलेली, पातळ सालीची, बी कमी, शिजल्यावर लोण्यासारखी होणारी. घेताना देठ बघावा. हिरवा आणि ताठ असला तर वांगं त्या दिवशीचं. हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं हलकं लागलं तर चांगलं, जड लागलं तर आत बी भरलेलं. अशी वांगी घेऊन बसलेल्या एका आज्जींसमोर सगळा गट थांबला. सांगणारा मधोमध, भोवती कडं, कड्याबाहेर फोटो काढणारे. गल्लीची रुंदी दोन माणसं आणि एक पिशवी जाईल एवढीच. पाठीमागची गिऱ्हाइकं वळसा घालून पुढच्या वाट्याकडं गेली. आज्जी भिडस्त, त्या प्रश्नांना उत्तरं देत राहिल्या. शेवटी गटातल्या चौघांनी मिळून दीड किलो वांगी घेतली.

आणखी एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. पलीकडच्या एका दादांकडं गट गेला तेव्हा त्यांची अजून भवानी झालेली नव्हती. पहिली विक्री होण्याआधी नुसत्या चौकश्या केलेल्या विकणाऱ्याला आवडत नाहीत, आणि त्यात गैर काहीच नाही. त्यांनी तुटक उत्तरं दिली. गटातल्या काहींना ते उद्धट वाटलं.

दुरुस्ती सोपी आहे आणि ती नंतर केलीही गेली. बोलणं गल्लीबाहेर, बघणं गल्लीत. मंडईत शिरण्याआधी मोकळ्या जागी दहा मिनिटं सगळं सांगून घ्यायचं : शेतकरी कसा ओळखावा, काय बघावं, वाटा म्हणजे काय, पेंडी कशी मोजतात, फोटोआधी कसं विचारावं. मग दोघंतिघं मिळून आपापलं फिरायचं आणि वीस मिनिटांनी दुसऱ्या टोकाला जमायचं. जिथं थांबून बोलायचं ठरलंय तिथं आधी खरेदी, मग प्रश्न. फेरीच्या पैशातून प्रत्येक ठरलेल्या थांब्यावर दोनशे रुपयांचा माल घ्यायचा आणि तोही घासाघीस न करता. तो माल खानावळीला जातो, वाया जात नाही. सुट्टे पैसे जवळ ठेवायचे. मोबाइलवरून पैसे घेणारे आता बरेच असले तरी म्हातारी माणसं रोखच मागतात, आणि पाचशेच्या नोटेला सुट्टे शोधण्यात त्यांची आणखी दोन गिऱ्हाइकं जातात.

खानावळीत नेमकं काय अडलं

हा भाग सविस्तर सांगायला हवा, कारण दीडएक तासाच्या उशिराचं मूळ इथंच होतं.

कल्पना देखणी होती. मंडळींनी मंडईत भोगीच्या भाज्या स्वतः घ्यायच्या, खानावळीत द्यायच्या आणि त्यांचीच भाजी करून वाढायची. प्रत्यक्षात सव्वीस पिशव्यांतून जे आलं त्यात वांगी नऊ किलोंच्या घरात, गाजरं मोजकी, आणि पावट्याच्या शेंगा व हरभऱ्याचे डहाळे यांचा ढीग. पावटा आणि हरभरा सोलायला लागतो. दोन किलो पावट्याच्या शेंगा सोलल्या की दाणे किलोभरही भरत नाहीत. डहाळ्याची पेंडी सोलून जेमतेम वाटीभर हरभरे निघतात आणि त्याला एका माणसाची वीस मिनिटं जातात. स्वयंपाकघरात तिघी बायका. एक भाकरी थापायला, एक तव्यावर, एक बाकी सगळ्याला. सोलायला कुणीच नाही.

सव्वीस जणांना वाटीवाटी भाजी द्यायची तर शिजलेली साडेतीन किलोच्या आसपास लागते. त्यासाठी वांगी एक किलो, गाजर पाऊण किलो, सोललेला पावटा अर्धा किलो, सोललेले हरभरे चारशे ग्रॅम, घेवडा अर्धा किलो, दीडशे ग्रॅम तिळाचं कूट आणि दोनशे ग्रॅम शेंगदाण्याचं कूट. वांगी शेवटी घालायची, नाहीतर पावटा शिजेपर्यंत त्यांचा लगदा होतो. हे सगळं आदल्या संध्याकाळी आणून, सोलून ठेवलं तर सकाळी चाळीस मिनिटांत भाजी तयार. ऐनवेळी आलेल्या ढिगातून निवडत बसलं तर दीड तास.

त्याहून मोठी अडचण भाकरीची. बाजरीचं पीठ ज्वारीसारखंही वागत नाही. त्याला चिकटपणा कमी, त्यामुळं कोमट पाण्यात एकेका भाकरीपुरतंच मळावं लागतं आणि मळलेलं लगेच थापावं लागतं. मळून ठेवलेला गोळा थापताना कडेनं चिरतो. पीठ जुनं असेल तर भाकरी तुटते आणि कडवटही लागते, म्हणून दळण आठवड्याच्या आतलं हवं. वरून तीळ लावायचे, ते थापतानाच दाबून बसवायचे. थोडक्यात, बाजरीची भाकरी आधी करून ठेवता येत नाही आणि घाईनंही करता येत नाही.

आता हिशेब बघा. दोन शेगड्या, दोन तवे. एक भाकरी दोन्ही बाजूंनी भाजून, आचेवर फुगवून उतरायला तीन मिनिटं. दोन तव्यांवर तासाला चाळीस भाकरी, तेही हात एकदाही न थांबता. सव्वीस जणांना दोन दोन म्हणजे बावन्न. म्हणजे एक तास अठरा मिनिटं नुसत्या भाकरीला. गट पोहोचला साडेअकराला, म्हणजे हमाल, गाडीवाले आणि माल संपवून परतणारे शेतकरी जेवायला येतात त्याच वेळी. पाच टेबलं, वीस खुर्च्या. सगळ्या गटानं अडवल्या. उरलेले सहा दारात उभे आणि त्यांच्यामागं रोजची गिऱ्हाइकं. ती थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

सहलीचे पैसे खानावळीला मिळाले होते. पण रोज जेवणारा माणूस एकदा परतला की दुसऱ्या दिवशी शेजारच्या खानावळीत जाऊन बघतो. ते नुकसान त्या दिवसाच्या बिलात दिसत नाही. जुन्या पेठेतली खानावळ दाखवायला नेऊन तिच्याच गिऱ्हाइकाला उठवणं हे या फेरीचं सगळ्यात मोठं अपयश होतं.

फेरी उलटी फिरवली

पुढच्या वेळी क्रम पूर्ण उलटा केला. आठला मंडईच्या तोंडाशी जमायचं. सव्वीसचे दोन गट, तेरा तेरांचे, चाळीस मिनिटांच्या अंतरानं. पहिला गट सव्वानऊला खानावळीत, दुसरा पाच कमी दहाला. ही न्याहारीनंतरची आणि जेवणाआधीची मोकळी वेळ. तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात आणि शेगडी तापलेली असते. दरडोई दीड भाकरी धरली तर तेरा जणांना वीस भाकरी, म्हणजे अर्धा तास. गट मंडईच्या दुसऱ्या टोकाला जमला की खानावळीत फोन करायचा. तिथून चालत यायला आणि हात धुवायला लागणाऱ्या दहा मिनिटांत पहिल्या सहासात भाकरी उतरलेल्या असतात.

भाजी आदल्या रात्रीच्या तयारीतून. मंडळींनी घेतलेला माल त्यांचा त्यांनी घरी न्यायचा. फक्त एक गोष्ट सामायिक ठेवली : बसल्या बसल्या शेंगा सोलायच्या. ताट येईपर्यंतच्या दहापंधरा मिनिटांत तेरा जण दीडदोन किलो शेंगा सहज सोलतात. पहिल्या गटानं सोललेला पावटा दुसऱ्या गटाच्या भाजीत वरून जाऊ शकत नाही, तो शिजायला वेळ लागतो. म्हणून तो खानावळीच्या दुपारच्या भाजीला द्यायचा. सोलता सोलता माणसं आपोआप बोलायला लागतात. वांग्याच्या भावाबद्दलचे, पावट्याच्या जातींबद्दलचे सगळ्यात चांगले प्रश्न त्याच वेळी निघाले. वाढणाऱ्या मावशींकडून जे ऐकायला मिळालं ते मंडईत उभं राहून ऐकायला मिळालं नसतं.

खरेदीच्या पिशव्या खानावळीत एका कोपऱ्यात चिठ्ठी लावून ठेवायच्या आणि परत जाताना घ्यायच्या. चार किलो भाजी खांद्याला अडकवून पेठ बघता येत नाही.

मग पहिल्या गटाला सव्वादहाला गणपती पेठ. दुकानं उघडलेली, पोती उतरत असलेली. इथं एक नियम कडक ठेवायचा : हमालाच्या वाटेत थांबायचं नाही. पाठीवर ५० किलोचं पोतं घेतलेल्या माणसाला मध्येच थांबता येत नाही. ओझ्याचा तोल चालण्यावरच टिकतो. ‘बाजूला!’ ऐकू आलं की भिंतीला लागायचं. एका रांगेत, डाव्या कडेनं चालायचं.

हळदीबद्दल सांगताना आधीच्या फेरीत एक घोटाळा झाला होता. जानेवारीत ‘नवी हळद’ म्हणून हळकुंडं दाखवली गेली. जिल्ह्यात हळद जानेवारीपासून काढायला लागतात, पण काढलेली ओली हळद शिजवायची, दहापंधरा दिवस उन्हात वाळवायची, मग पॉलिश करायची. त्यानंतर ती बाजारात येते. संक्रांतीला पेठेत दिसतं ते बहुतेक मागच्या साली निघालेलं. ओली शंभर किलो हळद वाळून वीस-पंचवीस किलो भरते, हा आकडा सांगितला की लोक भावाकडं वेगळ्या नजरेनं बघतात. हळकुंड मोडून बघायला सांगावं. टणक आवाज करत तुटलं आणि आत गडद केशरी दिसलं तर चांगलं. पूड घेण्यापेक्षा हळकुंड घेऊन दळून आणावं, कारण पुडीत रंग मिसळलेला ओळखणं घरी अवघड. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याचा अर्थ पेठेत विकली जाणारी प्रत्येक हळद सांगलीची असा नाही. ही मोठी बाजारपेठ आहे, इथं बाहेरूनही हळद येते. दुकानदाराला सरळ विचारलं तर तो सांगतो.

पेवांचा, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांचा, विषय इथंच निघतो. हरिपूरला जमिनीत खोल खड्डे करून हळद साठवत, आणि तिथल्या मातीत ती किडत नसे. पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही, हा जुना दंडक. बंद जागेतली हवा श्वास घेण्याजोगी नसते आणि त्यात माणसं गेलेली आहेत. हे सांगून थांबावं. हरिपूर या फेरीत बसत नाही, ते तीनचार किलोमीटरवर आहे.

जुनी मापं दाखवता आली तर मुलांना फार आवडतात : दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. रिकामी पायली हातात दिली की वजन आणि माप यांतला फरक आपोआप कळतो. ज्वारीची पायली आणि बाजरीची पायली तोलून बघायला सांगावी.

पुराच्या फुटांची चूक

शेवट देवळात आणि नदीकडं. १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळं होऊन पहिल्या चिंतामणराव पटवर्धनांनी सांगली ही राजधानी केली आणि कृष्णेकाठी गणपतीचं मंदिर उभारलं. गाव, पेठ आणि देऊळ एकमेकांच्या आधारानं वाढले. चिंतामणरावांच्याच आश्रयानं विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ हे नाटक रंगवलं. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्यावरूनच. देऊळ शेवटी ठेवल्यानं कुणाला घाई नसते. ज्याला थांबायचं तो थांबतो, ज्याला जायचं तो जातो, आणि कुणाचं काही अडत नाही.

इथं सांगणाऱ्यांची एक ठरलेली चूक होते. कृष्णेवरच्या १९२९ च्या आयर्विन पुलावरच्या पातळीचे आकडे सांगलीत लहान मुलालाही पाठ असतात : ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराचा आकडा ५७ फुटांच्या वरचा. बाहेरून आलेला माणूस हे ऐकून ‘बाजारात ५७ फूट पाणी’ असं समजतो. ही पुलाजवळच्या नदीच्या पातळीची मोजणी आहे, गल्लीतल्या पाण्याची खोली नव्हे. गल्लीत पाणी किती चढलं हे जागेच्या उंचसखलपणावर असतं. त्यामुळं आकडा सांगून थांबू नये. एखाद्या दुकानदाराला विनंती करावी की २०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं ते भिंतीवर हात लावून दाखवा. बहुतेक जण दाखवतात. काहींनी तिथं रेघ ठेवलेली असते. २००५ आणि २०२१ चीही आठवण ते त्याच हातानं, थोडी खाली दाखवतात. मग दुकानातले माळे एवढे उंच का, तळाच्या फळीवर माल का नाही, हे विचारावं लागत नाही.

जे अजून सुटलं नाही

उलट्या क्रमानं फेरी अकरा वाजून पन्नास मिनिटांनी संपली, दोन्ही गट धरून. कुणी उपाशी गेलं नाही आणि खानावळीत साडेअकराला हमालांसाठी खुर्च्या रिकाम्या होत्या. शुल्क प्रत्येकी तीनशेच ठेवलं. त्यातले एकशेवीस खानावळीला, आणि मंडईतल्या थांब्यांवरची खरेदीही त्यातूनच.

स्वच्छतागृहाचा प्रश्न मात्र तसाच आहे. पावणेचार तासांच्या फेरीत बायकांना, विशेषतः वयस्कर बायकांना, वापरण्याजोगी जागा खानावळीशिवाय मिळत नाही, आणि तिथंही एकच. तेरा जणांत ती पुरते, सव्वीसांत पुरत नाही. म्हणून गट तेराहून मोठा करायची मागणी आली तरी तिसरा गट काढायचा, दुसरा फुगवायचा नाही. तिसरा गट निघतो तो नऊ वीसला, खानावळीत पोहोचतो दहा पस्तीसला आणि सव्वाअकरापर्यंत उठतो. चौथ्या गटाला जागा नाही, कारण साडेअकराला पोती उतरवून झालेली असतात आणि हमाल जेवायला येतात.